लोकलचं नाव पहिल्या पानावर

दादा, पान छपाईला सुटलं! आत्ता, रात्री अकराला दहा कमी असताना. समोरचा चहा कधीच गार झालाय, पण पान सुटलं. उद्या सकाळी आपल्या पेपरच्या पहिल्या पानावर, सगळ्या आवृत्त्यांत, तुझं नाव येणार आहे: काशिनाथ धर्मा, कोपर. आडनाव घातलेलं नाही, कारण तू स्वतः कधी लिहिलं नाहीस. "आडनाव सांगून काय कलनार? अख्ख्या गावाचा एकच हाय," असं म्हणायचास, आणि बापाचं नाव लावून मोकळा व्हायचास.

तुला जाऊन आठ दिवस झाले. ही बातमी ज्याला पहिल्यांदा फोन करून सांगायची तोच नाही, म्हणून लिहायला बसलेय. उद्या तुझ्या नावाखाली माझंही नाव असणार आहे. ते का असणार आहे, हे मी तुला अकरा वर्षांत सांगितलं नाही. आज सांगणार आहे. एका दमात जमणार नाही मला, आपण दोघं सरळ कधी बोललोच नाही, भांडत भांडतच मुद्द्यावर यायचो. तसंच येते.

तुझा पहिला फोन आठवतो? मी डोंबिवलीची, मराठीत एम.ए. करून ठाण्याच्या ऑफिसात नुकती लागलेली उपसंपादक. टेंभी नाक्याजवळ दुसऱ्या मजल्यावर आपलं ऑफिस, आणि माझ्याकडे ठाणे-कल्याण-डोंबिवलीचं पान. तू कोपरचा वार्ताहर. झेरॉक्सचं दुकान चालवायचास आणि दुकानातूनच फोनवर बातम्या सांगायचास. मी रिसीव्हर उचलला तर तू एकदम, "लिवून घे." ना नमस्कार, ना नाव. मी जरा घुश्शात म्हटलं, "कोण बोलतंय? आणि अहो-जाहो करायची पद्धत आहे आमच्याकडे." तू शांतपणे म्हणालास, "आमच्यात बापालाबी तूच बोलतात. तुला पायजे त तूबी मला तू बोल." तेव्हापासून तू 'दादा, तू' झालास आणि मी तुझी 'बाय'.

त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने माझ्या रिसीव्हरवर हात ठेवला आणि कुजबुजला, "जपून बोल. लोकल आहे तो, मूळ गाववाला. एकाला दुखावलं तर पन्नास येतात." त्याच्या आवाजात चक्क भीती होती. आणि दहा मिनिटांनी तुझी बातमी घेऊन मी प्रमुखांकडे गेले, तर ते मान वर न करता म्हणाले, "कोपरची? लोकलच आहे ना? दोन ओळींत बसव." एकाच सकाळी, एकाच माणसाबद्दल, तोच शब्द! काही महिन्यांनी हा किस्सा मी तुला सांगितला, तर तू फोनवर खो खो हसलास. "म्हंजे बघ बाय. आमाला लोकल बोलतात तवा घाबरतात, आनि आमच्या बातमीला लोकल बोलतात तवा किंमत नाय. एकच शब्द हाय ना? का दोन हायेत?" मी एम.ए. झालेली, आणि मी शब्दकोश उघडून बसले.

त्यानंतर तू त्या शब्दाचे अर्थ मोजायलाच लागलास. (गाडीला लोकल म्हणतात ते सोड, ते तू मोजलंच नाहीस. "ती आपली सगल्यांचीच हाय," म्हणालास.) कुठे दूरदेशी बर्फाचं वादळ झालं की मुख्य कचेरीतून फोन येणार, "लोकल अँगल काढा!" म्हणजे त्या बर्फात आपला एखादा ठाणेकर, डोंबिवलीकर अडकलाय का ते शोधा. एरवी ज्या लोकलला दोन ओळी मिळायच्या नाहीत, त्या लोकलसाठी अशा वेळी कोण धावपळ! तू कोपरचा एक पोरगा शोधलास, तिकडे नोकरीला असलेला. त्याच्या आईशी बोललास आणि मला सांगितलंस, "तो झोपलाय. त्याला काय बी झाला नाय." मी म्हटलं, दादा, ही काय बातमी? तर म्हणालास, "आईसाठी हीच बातमी हाय." आणि छापून आली की ती! 'कोपरचा तरुण सुखरूप.' त्या माउलीने तुझ्या दुकानात येऊन त्या कात्रणाच्या वीस झेरॉक्स काढून घेतल्या.

वाढदिवसाचा फोटो घेऊन येणारा पुढारी म्हणायचा, "मॅडम, मोठ्या पानावर नको, लोकलवरच घ्या," कारण त्याचे मतदार तेच पान वाचायचे. आणि मुख्य कचेरीतल्या लोकांना लोकल म्हणजे शिकाऊ माणसांना हात साफ करायला दिलेली जागा वाटायची. उंटावरून शेळ्या हाकणारे ते. तू मात्र ऐकून घ्यायचास, नोंद करायचास, आणि दुसऱ्या दिवशी नवा अर्थ पकडल्यासारखा उत्साहाने सांगायचास. तुझ्या आवाजातली ती मजा मला हवीहवीशी वाटायची. सकाळी साडेदहाला तुझा फोन आला नाही तर माझा दिवस सुरू व्हायचा नाही.

आणि नामदेव! दादा, नामदेवाचं प्रकरण आठवलं की मला अजून घाम फुटतो आणि हसूही येतं. तू लग्नाला गेला होतास, दुसऱ्याच कुणीतरी फोनवर निधनवार्ता सांगितली आणि मी घातली. कोपरचे नामदेव अमुक अमुक यांचे निधन, पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार. तुमच्या गावात नामदेव पाच! मेला एक, मी मारला दुसरा. दुसऱ्या दिवशी टेंपो भरून माणसं ऑफिसच्या खाली उतरली आणि सगळ्यांत पुढे स्वतः मयत. पांढरा सदरा, डोक्याला टोपी, हातात आपला पेपर. "माजी पेन्शन बंद झाली त कोन देनार?" हा त्याचा पहिला प्रश्न. मागे त्याची बायको, दोन मुलगे, सुना, नातवंडे. बातमीतला परिवार तंतोतंत बरोबर होता, तेवढं समाधान.

मी खुलासा द्यायचं कबूल केलं आणि तो आतल्या पानाच्या तळाला, कोपऱ्यात लावला. तू परत आलास, पान पाहिलंस आणि थेट ठाण्याला आलास. इतकं चिडलेलं मी तुला कधी पाहिलं नव्हतं. "मेला तवा वर मेला, पानाच्या डोक्यावर. जिता झाला तवा खाली कोपऱ्यात? त्याचा परत छाप. जिथं मारलास तिथंच जिता कर." प्रमुख हसले, पण तू हलला नाहीस. दुसऱ्या दिवशी खुलासा पानाच्या डोक्यावर पुन्हा छापला. तेव्हापासून आपल्या पानाचा तो नियमच झाला. चूक जिथे, खुलासा तिथे. आणि दुसरा नियम तुझा एकट्याचा: नाव आलं की बाप कोण, घर कुठलं, विहिरीजवळचं की देवळामागचं, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. मी वैतागायचे. आता माझ्या हाताखालची मुलं माझ्यावर वैतागतात.

आपलं खरं भांडण मात्र वेगळं होतं, आणि ते अर्धवटच राहिलं. मला वाटायचं, चांगली बातमी लोकल पानात अडकली तर फुकट गेली. ती बाहेर पडली पाहिजे, मोठी झाली पाहिजे, सगळ्या महाराष्ट्राने वाचली पाहिजे. तू म्हणायचास, "ज्याच्या घरात पानी शिरलाय त्यानं वाचली म्हंजे झाला. बाकीचे वाचून काय करनार, चुकचुकनार?" मी तुला कोत्या नजरेचा म्हणायचे, तू मला हपापलेली. दोघंही थोडे बरोबर होतो. मग उघाडीची बातमी आली आणि ते भांडण बोलण्यातून निघून थेट माझ्या हातात येऊन पडलं.

काय दिवस होते ते! श्रावण होता. कोपरच्या खाडीकडच्या नव्या इमारतींच्या तळमजल्यांवर चार चार दिवस पाणी साचून राहायचं. लोक गटारांना शिव्या घालत होते, गटारं तीनदा उपसून झाली होती. आणि एका सकाळी तुझा फोन. आवाज फाटलेला. "बाय, मिलाली! उघाडी मिलाली!" मला शब्दच माहीत नव्हता. तू धापा टाकत समजावलंस. खाडीच्या जुन्या बांधाला पाण्याची दारं असायची, त्यांना उघाडी म्हणतात. भरतीला ती दारं मिटायची, खाडीचं पाणी आत येऊ द्यायची नाहीत. ओहोटीला उघडायची, आतलं पाणी बाहेर सोडायची. कुणीतरी प्लॉटचा भराव घालताना त्या उघाडीवर भिंत घालून टाकली होती. नव्या लोकांना ठाऊकच नव्हतं की तिथे दार होतं. तुला ठाऊक होतं, कारण लहानपणी तू त्या दारापाशी चिखलातले मासे पकडायचास, निवट्या. आणि पुरावाही तुझ्याकडे होता. कधीकाळी कुणी गावचा जुना नकाशा झेरॉक्सला आणला होता, मशिनने चुकून दोन प्रती काढल्या होत्या, आणि एक तू ठेवून दिली होतीस. आख्खं शहर पाण्याला तोंड कुठे ते शोधत फिरत होतं, आणि ते तोंड तुझ्या ड्रॉवरमध्ये घडी घालून पडलेलं. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"ओहोटी बाराला हाय. डोल्यांनी बघ, मग लिव," असं म्हणालास. मी उपसंपादक, माझं काम टेबलावरचं, पण रिक्षा करून निघाले. माजिवड्याला ट्रॅफिकमध्ये अडकले तेव्हा रिक्षातून उतरून धावावंसं वाटत होतं. बांधावर पोचले तर तू लुंगी वर खोचून उभा. माझी एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. आणि मग आपण नुसते उभे राहिलो. उजवीकडे खाडी उतरत गेली, उतरत गेली, चिखल उघडा पडला, त्यावर खेकडे फिरायला लागले. डावीकडे, बांधाच्या आत, पाणी जसंच्या तसं. एक बोटभर हललं नाही. दोन बाजूंना दोन पातळ्या, मध्ये आपण दोघं. तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास. इतक्या वर्षांच्या नोकरीत बातमी डोळ्यांसमोर घडताना मी तेवढी एकदाच पाहिली. मी ओरडले होते, आठवतं? बांधावरचे बगळे उडाले.

दुपारी बातमी लिहिली. तू सांगितलीस, मी उतरवली, वर नाव घातलं: काशिनाथ धर्मा. ही तुझी पहिली बायलाईन असणार होती. मुख्य कचेरीला पाठवली आणि अर्ध्या तासात फोन आला. "जबरदस्त आहे. पहिलं पान, सगळ्या आवृत्त्या. फक्त ते नाव काढ. लोकलचं नाव पहिल्या पानावर शोभत नाही. 'विशेष प्रतिनिधी' कर. नाव ठेवायचंच असेल तर तुझ्या लोकल पानावर लाव, आमची हरकत नाही. तू ठरव, पाच मिनिटांत सांग."

दादा, त्यांनी काढलं नाही. त्यांनी मला विचारलं होतं. 'तू ठरव' असं म्हटलं होतं.

पाच मिनिटं होती. तू दुकानात होतास, फोन हातभर अंतरावर होता. मी तुला फोन केला नाही. केला असता तर तू काय म्हणाला असतास ते मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच केला नाही. तू म्हणाला असतास, लोकलवर लाव, तिथल्या लोकांना कळू दे. आणि मला ती बातमी मोठी झालेली बघायची होती. माझ्या टेबलावरून गेलेली, पहिल्या पानावर. मी तुझं नाव खोडलं. दोन मिनिटं उरली होती.

चार दिवसांनी तू ऑफिसात आलास तेव्हा मी म्हटलं, "वरून काढलं रे दादा. मी खूप भांडले." आणि रडले. खरं रडले, लाजेने. तुला वाटलं तुझ्यासाठी रडतेय. तू खाली जाऊन माझ्यासाठी कुल्फी घेऊन आलास! माझ्यासमोर धरलीस आणि म्हणालास, "जाऊ दे ना. भिंत फुटली ना? पानी गेला ना? नावाचा काय लोनचा घालू?" भिंत फुटली होती. दोन ओहोट्यांत पाणी निघून गेलं होतं. इमारतीतल्या लोकांनी पेढे वाटले, 'विशेष प्रतिनिधी'च्या नावाने. पुढच्या महिन्यात मला पानाची प्रमुख केलं. 'छान हाताळलीस' असं पत्रात लिहिलं होतं.

त्यानंतर अकरा वर्षं तू मला रोज फोन केलास. पुढे व्हॉइस नोट पाठवायला लागलास, मागे झेरॉक्स मशिनचा घरघराट. मी रोज ठरवायचे, आज सांगू. पिकतं तिथे विकत नाही असं तू स्वतःबद्दल हसत म्हणायचास, तेव्हा तर जीभ टोकापर्यंत यायची. मग तू काहीतरी नवं सांगायचास आणि राहून जायचं. नाही, राहून जायचं नाही. मी ठेवायचे.

यंदा मुख्य कचेरीने आम्हा सगळ्यांना एका मोठ्या हॉलमध्ये बसवलं आणि पडद्यावर दाखवलं की आता भविष्य 'हायपरलोकल'चं आहे. वाचकाला त्याच्या गल्लीतली बातमी हवी आहे, म्हणे. माणूस नवा, शब्द नवा, सूट नवा. मी हसू दाबत तुला तिथूनच कळवलं. तुझं उत्तर आलं, "हायपर म्हंजे काय, लय?" मी लिहिलं, हो, लय लोकल. तू म्हणालास, "मग त मी पयल्यापासून हायच. पगार वाढवा सांग." त्या नव्या विभागाची प्रमुख म्हणून माझं नाव जवळजवळ ठरलं होतं. मुख्य कचेरीत, काचेची केबिन. तुला ते पत्र हातात आल्यावर सांगणार होते.

मग तू गेलास. चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी आले. वहिनी मला बघून उठल्या, माझा हात धरून आत घेऊन गेल्या. तुझ्या फोटोशेजारी लावायला त्यांनी उघाडीचं कात्रण काढून ठेवलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं. तुझी नात, ती कॉलेजात जाणारी, कात्रण उलटसुलट करत म्हणाली, "आजी, पण यात आबांचं नाव कुठेय? हे तर कुणाचंही असू शकतं." वहिनी म्हणाल्या, "वरच्यांनी काढला गो. हिला इचार. ही किती भांडली. ही रडली होती, तुजा आबा सांगायचा." आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

तो हात मला सहन झाला नाही, दादा. मी काहीतरी सांगून उठले. स्टेशनपर्यंत चालत आले, तेवढ्यात माझं ठरलं होतं. इतकं हलकं वाटलं, इतकं अचानक, की मी भर रस्त्यात मोठ्याने 'बस' म्हणाले आणि एक बाई दचकून बाजूला झाली.

संपादक माझ्यापेक्षा तरुण आहे, वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "वसुधाताई, अकरा वर्षांपूर्वीच्या बातमीचा खुलासा कोण छापतं? फार तर तुमच्या लोकल पानावर छान श्रद्धांजली घ्या." मी म्हटलं, बातमी पहिल्या पानावर होती, खुलासाही तिथेच. आपल्याकडे चूक जिथे, खुलासा तिथे. "तो नियम तुमच्या पानाचा आहे, पेपरचा नाही." मी म्हटलं, हायपरलोकल करायचंय ना तुम्हाला? मग आमच्या पानाचे नियम शिका! तो हसला, मग गंभीर झाला. "आणि त्यात तुमचं नाव कशाला? 'अनवधानाने राहून गेले' असं लिहू, नेहमीसारखं." मी म्हटलं, अनवधान नव्हतं, मी पूर्ण शुद्धीत काढलं. त्याने बराच वेळ पेन फिरवलं. "हे छापून आल्यावर नवा विभाग तुम्हाला देता येणार नाही. कळतंय ना? वार्ताहराचं नाव काढणारीच वार्ताहरांची प्रमुख, असं होईल." मी म्हटलं, कळतंय. काचेची केबिन गेली. सोपं नव्हतं, खोटं कशाला सांगू. पण मान्य झालं, दादा! पहिलं पान, सगळ्या आवृत्त्या. मी स्वतः लिहिला, चारच वाक्यं. बातमी कोणती, ती कुणी शोधली, नाव कुणी काढलं, आणि त्याबद्दल पेपर आणि मी काशिनाथ धर्मा यांच्या कुटुंबाची माफी मागतो. 'दिलगिरी' काढून 'माफी' केलं. हातात पेन होतंच.

इथवर काल रात्री लिहिलं. पुढचं आज लिहितेय, कोपरहून परत आल्यावर.

सकाळी सातला स्टॉलवरून पाच अंक घेतले. आहे, दादा, तू आहेस! तळाला डाव्या बाजूला, तेव्हा बातमी होती तिथेच, काळ्या चौकटीत, ठळक. नागपूरच्या एका जुन्या सहकाऱ्याचा मेसेज आला, तिथेही आहेस. मी पेपर छातीशी धरून तुझ्या घरी गेले. खरं सांगते, मला वाटत होतं वहिनी रडतील, मीही रडेन, आणि झालं.

वहिनींनी चष्मा लावला आणि बोट ठेवून सगळं वाचलं. मग वरून पुन्हा एकदा वाचलं. नात त्यांच्या खांद्यावरून वाचत होती, तिने माझ्याकडे बघणं टाळलं. मग वहिनी म्हणाल्या, "तो असता त हसला असता. तुला चाय पाजली असती. मी नाय हसनार."

मी म्हटलं, नका हसू.

"अकरा वर्सं त्या वरच्यांना शिव्या घातल्या मी. सगल्या भलत्याला लागल्या." त्यांनी पेपरची घडी घातली, गुडघ्यावर ठेवली. मी उभीच होते, त्यांनी बस म्हटलं नव्हतं. "पेपरात सांगितलास, चांगला केलास. नागपूरला कलला, पुन्याला कलला. पन गावाला? हितं निम्मी मानसा पेपर वाचत नाय. त्यांना अजून वाटतंय का काशिनाथ थापा मारायचा, बातमी माजी, बातमी माजी. चेष्टा करायचे त्याची. तुला म्हाईत हाय?"

मला माहीत नव्हतं, दादा. तू कधी बोलला नाहीस. अकरा वर्षं तू त्या गावात खोटा ठरून राहिलास, आणि मला रोज साडेदहाला फोन करत राहिलास.

"बाराव्याला ये," वहिनी म्हणाल्या. "सगला गाव जमनार. जेवना आधी उभी ऱ्हा आनि तुज्या तोंडानं सांग. कागुद नको आनू."

मी हो म्हटलं. परतताना मी जवळजवळ पळत होते. तीन दिवस आहेत. भाषण तयार करणार नाही. तुझ्या दारात, तुझ्या माणसांसमोर उभी राहीन आणि सांगेन: काशिनाथ धर्मा खरं बोलत होता. खोटं मी बोलले.